चण लहान, पुढच्या वर्षी या!

करी रोडला गाडीत शिरताना ऐकत असाल तर आधी नीट उभे राहा, मग आवाज वाढवा. आज थोडं माझ्या चुकीबद्दल बोलायचंय.

गेल्या महिन्यात परळमध्ये एका मैदानावर चौदा वर्षांखालच्या हॉकी संघाची निवड होती. माझा एक मित्र तिथे कोच आहे. त्याच्या मदतीला मी वही-पेन घेऊन उभा होतो. पोरं साठ, वेळ चाळीस मिनिटं. त्यात फॉरवर्डला खेळणारा एक चिमुरडा होता. स्टिक बहुतेक मोठ्या भावाची असावी, त्याच्या छातीला लागत होती. दोनदा त्यानं आपल्यापेक्षा डोकंभर उंच डिफेंडरला चकवलं. तिसऱ्यांदा बॉल गेला, आणि तो पोरगा मागे धावत जाऊन परत घेऊन आला. मी वहीत काय लिहिलं? 'हात छान. चण लहान. पुढच्या वर्षी.'

त्यानं काही विचारलं नाही. बुटाची नाडी बांधली आणि गेला.

रात्री फॉर्म लावताना त्याची जन्मतारीख दिसली. डिसेंबर. ज्या उंच डिफेंडरला आम्ही लगेच घेतलं, तो त्याच वर्षीचा, पण जानेवारीचा. म्हणजे कागदावर दोघं एका वयाचे, प्रत्यक्षात अकरा महिन्यांचं अंतर. त्या वयात अकरा महिने म्हणजे किती, हे शाळेतला वर्गाचा फोटो काढून बघा, कळेल!

हे कोडं सगळ्यात आधी नीट मांडलं गेलं ते बर्फावरच्या हॉकीत. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकी खेळाडूंचे जन्ममहिने तपासले. वरच्या पातळीवर जानेवारी ते मार्च जन्मलेले जास्त, ऑक्टोबर ते डिसेंबरचे कमी. कारण साधं आहे. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. थोराड मूल आधी निवडलं जातं, मग त्यालाच चांगला कोच, जास्त सराव, जास्त सामने मिळतात. दोन-चार वर्षांनी ते खरंच चांगलं खेळतं, आणि आपण म्हणतो, 'बघ, माझी निवड बरोबर होती!'

आता गंमत ऐका. आइस हॉकीत अंगानं धडक देणं नियमात बसतं. तिथे लहान चणीच्या पोराची काळजी वाटली तर समजू शकतो. तरीही मार्टिन सेंट लुई नावाचा पाच फूट आठ इंचांचा फॉरवर्ड, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, तो २००४ मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्या मैदानी हॉकीत तर धक्का मारणं फाऊल आहे. मग आपण उंची कशासाठी मोजतो?

आणि दूर कशाला जायचं? धनराज पिल्ले. जन्म १९६८, पुण्याजवळच्या खडकीत. वडील मैदानाची निगा राखणारे. मोडक्या स्टिका दोरीनं बांधून ही भावंडं खेळायची. अंगानं काटकुळा पोरगा. १९८०च्या दशकात थोरल्या भावानं, रमेशनं, त्याला मुंबईत आणलं. रमेश स्वतः भारताकडून खेळलेला. पुढे धनराज महिंद्राच्या संघात आला, तिथे जोकिम कार्व्हालोंसारखा कोच मिळाला. १९८९ मध्ये भारताची जर्सी, मग चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या कप्तानीखाली एशियाडचं सोनं आलं, तब्बल ३२ वर्षांनी.

मला यात कुठली गोष्ट लागली माहितीये? रमेशनं धाकट्या भावाला चाळीस मिनिटं पाहिलं नव्हतं. लहानपणापासून पाहिलं होतं. आमच्या त्या चिमुरड्याला असं पाहणारं मैदानावर कुणी नव्हतं. होतो तो मी, आणि माझं लक्ष पट्टीवर.

मग चाचणीत बघायचं काय? बॉल येण्याआधी पोरगा मान वळवून बघतो का. पहिल्या स्पर्शात बॉल मोकळ्या जागेत जातो का. बॉल गेल्यावर हात कमरेवर जातात, की पाय पळायला लागतात. साठ पोरांना एकत्र धावडवण्यापेक्षा चार-चारचे छोटे सामने लावा, म्हणजे प्रत्येकाला बॉल मिळेल. एखादा सामना साधारण एकाच चणीच्या मुलांचा लावा. आणि जन्मतारीख आधी वाचा, फॉर्म लावताना नको.

लहान चणीचा प्रत्येक पोरगा धनराज होत नाही, हे मलाही कळतं. पण 'पुढच्या वर्षी' ऐकलेली बरीच पोरं पुढच्या वर्षी येतच नाहीत. संघ हुकला तर परत मिळतो, नाद सुटला की सुटला.

मित्राला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. तो आधी वैतागला, मग म्हणाला, "फोन कर त्याच्या घरी." आईनं उचलला. म्हणाली, "तो तर म्हणाला होता, हॉकी सोडली." थोडं थांबून म्हणाली, "विचारते त्याला."

या रविवारी सकाळी सात वाजता पुन्हा मैदानावर आहे. वही घेतलीय. तो येईल की नाही, ते पुढच्या भागात सांगतो. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर हा भाग त्याच्या कोचला पाठवा. भेटू!