शिबिराचे स्वयंपाकघर

(सावंगी (मेघे) येथे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरार्थींपुढे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



उद्या आपण सात दिवसांसाठी गावात मुक्कामाला निघणार. शोषखड्डे, आरोग्यतपासणी, प्रभातफेरी यांची आखणी उत्तम झाली आहे. भोजनाचे काय, असे विचारले तेव्हा 'आचारी सांगितला आहे' असे उत्तर मिळाले. त्या उत्तरापाशी मी अडखळलो.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. शिबिरात गेल्यावर गांधीजी काय पाहत, हे जाणण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. डिसेंबर १९३४ मध्ये याच वर्ध्यात संघाचे हिवाळी शिबिर भरले होते. स्वयंसेवक सुमारे दीड हजार. गांधीजी ते पाहावयास आले. संघाच्या इतिहासात नोंद आहे की, ते भोजनाच्या व्यवस्थेपर्यंत गेले, खर्च कसा भागतो हे त्यांनी विचारले आणि एका पंगतीत ब्राह्मण, मराठा, महार कसे बसतात याचीही चौकशी केली. कोणी कोणाची जात विचारीतच नाही, हे त्यांना तेथे दिसले. १६ सप्टेंबर १९४७ रोजी दिल्लीत स्वयंसेवकांपुढे बोलताना त्यांनी त्या शिबिरातील शिस्त, साधेपणा आणि अस्पृश्यतेचा अभाव आवर्जून सांगितला. जवळजवळ तेरा वर्षे ते त्यांच्या स्मरणात राहिले होते!

म्हणून विचारतो, आपले पाणी कोणत्या वस्तीतून येणार? समारोपाच्या गावजेवणाला कोणाकोणाच्या घरी निमंत्रण जाणार? वाढपी कोण? आचारी ठेवला की हे प्रश्नच पुसले जातात आणि आपण गावात राहूनही गावाबाहेरच राहतो.

मात्र साधेपणा म्हणजे हेळसांड नव्हे. माझ्या विद्यार्थिदशेतील एका शिबिरात पिण्याच्या पाण्याचे पिंप उघडेच असे. जो तो त्यातच तांब्या बुडवी. तिसऱ्या दिवशी निम्मे शिबिर अंथरुणावर! आणि आम्हांला सांगण्यात आले की, सहनशक्ती वाढवा. आपल्यांत तर भावी वैद्य आणि परिचारिका आहेत. पाण्यात ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात टाकून अर्धा तास थांबणे, पिंपाला झाकण आणि तोटी असणे, वाढप्याने साबणाने हात धुणे, एवढे तरी चुकू नये. भगिनींच्या स्नानगृहाला कडी आणि वाटेवर दिवा आहे ना, हे कार्यक्रमाधिकाऱ्यांनी आजच सायंकाळी जाऊन पाहावे. ज्या आईने विश्वासाने मुलीला पाठविले, तिला उत्तर आपणच द्यावयाचे आहे.

आचाऱ्याला नकार कळवा, त्याची मजुरी मात्र बुडवू नका. दहा-दहा जणांच्या तुकड्या करा; मुलगे-मुली दोघेही चुलीशी बसतील. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, वांग्याची भाजी पुरे आहे. पहिल्या दिवशी भाकरींचे नकाशे होतील. गावातील मावशींना हाक मारा. त्या आधी हसतील, मग शेजारी बसून थापायला शिकवतील. पहिली तुकडी पहाटे पाचला उठेल. तिची नावे आत्ताच, येथेच लिहून घेऊ या.