सेल्फ फिरतोय, पण गाडी पकडत नाही: सेन्सर बदलण्याआधी हे ऐका

आजचा विषय थोडा ग्रीसचा आहे. मी कोड लिहून पोट भरतो, मेकॅनिक नाही. पण आजच्या डिझेल गाडीत एक कॉम्प्युटर बसलाय, त्याला ईसीयू म्हणतात, आणि तो बिघडल्यावर कोड देतो. कोड म्हटलं की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात.

आधी एक गोष्ट वेगळी करू. किल्ली फिरवल्यावर नुसतं टकटक वाजत असेल किंवा सेल्फ जड फिरत असेल, तर सेन्सरचा विचारच करू नका. बॅटरी बघा. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल. मीटरवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर किल्ली ओळखत नाहीये. आणि हो, टाकीत डिझेल आहे ना? हसू नका, काटा पण सेन्सरवरच चालतो.

आता समजा सेल्फ जोरात फिरतोय, तरी इंजिन पकडत नाही. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून गरम होते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते पेटतं. कॉमन रेल इंजिनात हा फवारा कधी आणि किती मारायचा, हे ईसीयू ठरवतो. त्यासाठी त्याला मुख्यतः दोन गोष्टी कळाव्या लागतात. इंजिन आत्ता कुठल्या कोनात आहे, हे क्रँक आणि कॅम सेन्सर सांगतात. रेलमध्ये दाब किती आहे, हे रेल प्रेशर सेन्सर सांगतो. सुरू होताना बऱ्याच गाड्यांना साधारण २०० बारच्या आसपास दाब लागतो. तेवढा दिसला नाही, तर ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही.

हे फोनवर बघता येतं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावा, ॲप उघडा, आणि कोड वाचण्याच्याही आधी लाइव्ह डेटा बघा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने स्क्रीन बघायची.

सेल्फ फिरताना आरपीएम शून्यच राहिला, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचत नाहीये. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर गुमान चालू होते, अशी तक्रार असेल तर या सेन्सरवर संशय आणखी पक्का.

आरपीएम २०० च्या आसपास दिसतोय, पण रेलचा दाब चढत नाही? मग फिल्टर, लाइनमधली एअर, पंप, किंवा खोटं बोलणारा सेन्सर. खोटं पकडायची सोपी युक्ती आहे. गाडी रात्रभर उभी होती, सकाळी फक्त किल्ली ऑन करा. दाब शून्याच्या जवळ हवा. तिथे ४००-५०० बार दिसत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय.

आता मुख्य मुद्दा. कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचं कपलर, वायर आणि ईसीयूची पिन, असं सगळं मिळून. आमच्या कामात एक डेटाबेस झोपला की दहा सर्व्हिस एरर ओरडतात. ओरडणाऱ्या दहा जणांना बदलून काय उपयोग?

माझ्या मामाचा पिकअप आहे, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वाहतो. ऐन सीझनमध्ये बंद पडला. मालाला थांबता येत नाही, म्हणून मामा दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने घेऊन खेपा करत होता. वर गाडीचा हप्ता होताच. गॅरेजमध्ये कोड निघाला पी ०१९२, म्हणजे रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी. साडेतीन हजारांचा नवीन सेन्सर बसवला, तरी कोड तोच. मग मिस्त्री म्हणाला, "आता पंप उतरवावा लागेल." मामाचा फोन आला, "अरे, तू त्या कॉम्प्युटरचं बघतोस ना, हा काय म्हणतोय ते जरा बघ की."

शनिवारी गेलो. स्कॅनर लावला, तर कोड दोन होते. पी ०१९२ आणि पी ०२३७. दुसरा टर्बोच्या बूस्ट सेन्सरचा, तोही 'सिग्नल कमी'. एकाच दिवशी दोन वेगळे सेन्सर एकाच पद्धतीने मरतात, हे मनाला पटेना. दोघांत समान काय? अशा सेन्सरला तीन वायर असतात: ५ व्होल्ट सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. आणि एकच ५ व्होल्ट लाइन पुष्कळदा अनेक सेन्सरना वाटून दिलेली असते.

रेल सेन्सरचं कपलर काढलं, किल्ली ऑन केली, मल्टिमीटर लावला. ५ हवे होते, आले ०.४. बूस्ट सेन्सरचंही कपलर काढलं, तरी ०.४. म्हणजे दोन्ही सेन्सर निर्दोष. मग मामा आणि मी हार्नेस चाचपत गेलो. मी मीटर धरला, मामा वायरी हलवत होता. बॅटरीच्या ट्रेमागे हात लागला आणि आकडा उडी मारून ५ वर गेला. तिथे उंदराने वायर कुरतडली होती आणि उघडी तार ब्रॅकेटला टेकत होती.

बॅटरी सोडून तार नीट जोडली, स्लीव्ह चढवली, कोड पुसले. दुसऱ्या सेल्फला पिकअप चालू. सगळा खर्च शंभराच्या आत. मामा म्हणाला, "आणि तो पंप उतरवणार होता!" मिस्त्रीची नियत वाईट नव्हती. त्याच्याकडे स्कॅनर होता, पण मोजायची सवय नव्हती.

करून बघणार असाल तर सांभाळा. रेलच्या पाइपचा नट ढिला करू नका. चालू इंजिनात तिथे हजार बारच्या वर दाब जातो, तो फवारा कातडी फोडून आत घुसतो. इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका, तिथे बॅटरीपेक्षा खूप जास्त व्होल्टेज असतो. आणि वायरला टाचणी टोचू नका, त्या भोकातून पुढे पाणी शिरतं.

यातलं काहीच करायचं नसेल, तरी गॅरेजमध्ये तीन प्रश्न नक्की विचारा. सगळे कोड कोणते आले? सेल्फ मारताना आरपीएम आणि रेलचा दाब किती दिसला? सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट येतात का? उत्तर आकड्यात मिळालं तर पार्ट बदलायला हरकत नाही. "बदलून बघू" असं मिळालं, तर तो प्रयोग तुमच्या पैशाने होणार आहे.

तुमच्या गाडीने दिलेला कोड कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. भेटूया!