डिझेलचे पिंप कोठे ठेवावे?



मळणीचे दिवस जवळ आले, की ट्रॅक्टर आणि इंजिन अडू नये म्हणून आपण डिझेलचे पिंप भरून आणतो. खेप वाचते, ऐन कामात खोळंबा होत नाही. सोय चांगली आहे. पण पिंप गाडीतून उतरले की ते ठेवायचे कोठे, याचा विचार फारसा होत नाही. चोरी नको म्हणून कोणी ते पडवीत ठेवतो, कोणी गोठ्यात वैरणीशेजारी, तर कोणी इंजिनाजवळ थेट विहिरीच्या काठावर. या तिन्ही जागा चुकीच्या आहेत. का, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, "डिझेल काही पेट्रोलसारखं भडकत नाही." थंडीच्या दिवसांत ते बरेचसे खरे आहे. पण तेल तापले, की त्याची वाफ होऊ लागते, आणि ठिणगी लागली तर पेटते ती ही वाफ. आपल्याकडच्या डिझेलला अशी पेटाऊ वाफ ३५ अंश सेल्सिअसच्या आत सुटू नये, एवढीच मानकाची अट आहे. आता बघा, मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीत पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातल्या लोखंडी पिंपाला तर हात लावता येत नाही. म्हणजे हिवाळ्यात निवांत पडून असलेले तेल उन्हाळ्यात तितके निरुपद्रवी राहत नाही.

ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि बंद खोलीत साचून राहते. मग चूल, बिडी, कंदील किंवा विजेच्या बटणाची ठिणगी, काहीही पुरते. आणि आग दुसऱ्या कशाने लागली, तरी शेजारचे २०० लिटर डिझेल ती आवरू देत नाही. माणसे बाहेर पळतील, पण दावणीला बांधलेल्या जनावराने काय करावे?

दुसरा धोका पाण्याला. तोटी गळली, की तेल मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून खाली झिरपते आणि पाझराबरोबर विहिरीत उतरते. एकदा पाण्यावर तवंग आला, की ते पाणी माणसांना चालत नाही, जनावरेही तोंड लावत नाहीत. असा पाझर लवकर थांबतही नाही.

तेव्हा जागा निवडताना या गोष्टी पाहा :

१. घर, गोठा, कडब्याची गंजी आणि खळे यांपासून पिंप निदान पन्नास फूट लांब असावे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. म्हणून जमल्यास पिंप घराच्या पूर्वेला ठेवा.

२. विहीर, बोअर आणि ओढा यांपासून जितके दूर तितके चांगले. जागा विहिरीच्या उताराकडच्या अंगाला हवी, चढाकडच्या नव्हे.

३. डोक्यावरून विजेच्या तारा जात नसाव्यात. मीटर, स्टार्टर जवळ नको.

४. वर पत्र्याचे छप्पर असावे, पण बाजू मोकळ्या राहू द्याव्यात. चोरीची भीती असेल, तर जाळी लावा आणि तोटीला कुलूप घाला. भोवतालचे गवत, पालापाचोळा काढून जमीन स्वच्छ ठेवा.

५. खते, बियाणे आणि फवारणीची औषधे एकाच छपराखाली नकोत.

आता पिंप ठेवायचे कसे? उभे पिंप पावसात राहिले, तर झाकणावर पाणी साचते. रात्री पिंप गार झाले, की तेच पाणी बुचातून आत ओढले जाते. म्हणून पिंप आडवे ठेवावे आणि तोटीकडची बाजू दोन बोटे उंच करावी. म्हणजे पाणी व गाळ मागे बसतो आणि इंजिनाला स्वच्छ तेल मिळते. २०० लिटर तेलाचेच वजन १६५ किलोच्या आसपास भरते. तेव्हा नुसत्या रचलेल्या विटांवर भरवसा ठेवू नका. लोखंडी घोडी किंवा पक्का ओटा करा आणि पिंप घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पाचर ठोका.

घोडीभोवती पाच फूट लांब, पाच फूट रुंद असा अर्धा फूट उंचीचा पक्का बांध घाला. त्यात साडेतीनशे लिटर मावते. म्हणजे सगळे पिंप फुटले तरी तेल बाहेर जाणार नाही. बांधात पावसाचे पाणी साचू देऊ नका. डिझेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेली टाकी वापरू नका. जस्त तेलात उतरते आणि इंजिनाचे नोझल बिघडवते.

जवळ कोरड्या वाळूच्या दोन बादल्या कायम भरलेल्या असू द्या. डिझेल पेटले तर त्यावर पाणी मारू नका. तेल पाण्यावर तरंगते आणि आग घेऊन पसरते. वाळू टाका, लहान आग असेल तर ओल्या पोत्याने दाबा. नळीने तेल काढताना तोंडाने ओढू नका. ते फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतते. आणि रिकाम्या पिंपाला वेल्डिंग किंवा गॅस-कटर कधीही लावू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

कायद्याचेही दोन शब्द. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवायला परवाना लागत नाही. मात्र कोणतीही एक टाकी १,००० लिटरपेक्षा मोठी नसावी. स्वतःच्या वापरासाठी पेट्रोलची मर्यादा फक्त ३० लिटर आहे. परवाना लागत नाही याचा अर्थ धोका नाही, असा मात्र नव्हे.

मंडळी, आज सांजच्याला शेतातून परतलात, की आपल्या पिंपाजवळ क्षणभर उभे राहा. तेल सांडले तर वाहत कोठे जाईल? पेटले तर आधी काय जळेल? उत्तर विहीर, गोठा किंवा घर असे आले, तर पुढचे पिंप भरून आणण्याआधी जागा बदला. घरातल्या सगळ्यांना, मुलाबाळांनाही, ही जागा आणि हे नियम समजावून सांगा.