माझगावचा क्वान कुंग

हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरून नवाब टँकच्या दिशेने निघालं, की टेम्पो आणि हातगाड्यांमधून वाट काढावी लागते. याच वस्तीत एक जुनी इमारत उभी आहे. आत १९१९ सालचं चिनी देऊळ असेल, अशी शंकाही बाहेरून येत नाही.

हे सी यिप कून. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातले तायशान, खायपिंग, शिनहुई आणि अनपिंग हे चार जिल्हे म्हणजे सी यिप. तिथून आलेल्या मंडळींचं हे देऊळ. कोकणातल्या गावांच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, गोव्याच्या खलाशांचे कूड होते. तसाच हाही परक्या शहरातला आपल्या माणसांचा आधार. कोलकात्याच्या टिरेटा बाजारातही याच जिल्हेवाल्यांचं देऊळ आहे.

वरच्या मजल्यावर क्वान कुंग. तांबडा चेहरा, छातीवर रुळणारी दाढी. हा कल्पनेतला देव नव्हे. क्वान यू नावाचा हा सेनापती इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला मारला गेला. दिल्या शब्दाला जागणारा म्हणून लोकांनी त्याला देवपण दिलं. त्यामुळेच व्यापारी त्याला दुकानात बसवतात आणि हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांतही त्याची पूजा होते.

कौल लावण्याची रीत मात्र आवर्जून पाहावी अशी. बांबूच्या नळकांड्यात क्रमांक घातलेल्या काड्या असतात. मनात प्रश्न धरायचा, गुडघे टेकायचे आणि नळकांडं तिरकं धरून हलवत राहायचं. सगळ्या काड्या खुळखुळतात, हळूहळू एकच पुढे सरकते आणि जमिनीवर पडते. तिच्या क्रमांकाची चिठ्ठी, तेच उत्तर.

१९६२च्या भारत-चीन युद्धानंतर सुमारे ३००० भारतीय चिनी माणसांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतले कितीतरी जण याच देशात जन्मलेले होते. हा अन्याय होता, आणि तो स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. पुढे अनेक कुटुंबं कॅनडासारख्या देशांत निघून गेली. मुंबईत थोडी घरं उरली. त्यांनी माझगावातली उदबत्ती विझू दिली नाही.

चिनी नववर्षाला ही मंडळी इथे जमतात. तिथी चांद्र पंचांगाने ठरते, म्हणून ती २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येते. बाहेरच्यांनी जरूर जावं. मात्र हे कुणाचं तरी श्रद्धास्थान आहे. कॅमेरा काढण्याआधी तिथल्या माणसांना विचारावं.