गंजीफ्रॉक, गॅन्झी आणि कपाटातली लोकर

(मंडळाच्या पोर्टलीश येथील उन्हाळी मेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यकारिणीनं विषय विचारला तेव्हा मी "उन्हाळ्यासाठी विणकाम" असं सांगितलं. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, "उन्हाळ्यात लोकर?" प्रश्न रास्त आहे. आपल्या डोक्यात विणकाम म्हटलं की स्वेटर, मफलर, माकडटोपी आणि महाबळेश्वर. पण इथे बसलेल्या पुरुषमंडळींपैकी निम्म्यांनी तरी आत्ता शर्टाच्या आत विणलेलाच कपडा घातला आहे. बनियन! तो मागावर विणलेला नसतो, टाक्यात टाका अडकवून केलेला असतो. म्हणजे विणकामच, फक्त मशीनवरचं. आपल्या आजोबांचा तो भोकाभोकांचा जाळीचा बनियन आठवा. नागपूरच्या मे महिन्यात तेवढा एकच कपडा अंगावर सोसवायचा.

आता गंमत बघा. आजोबा त्याला बनियन म्हणत नसत, गंजीफ्रॉक म्हणत. हा शब्द 'गर्न्सी फ्रॉक'वरून आला असं शब्दांची मुळं शोधणारे सांगतात. गर्न्सी हे इंग्लिश खाडीतलं बेट. तिथल्या कोळ्यांचा घट्ट विणीचा, जाड लोकरीचा स्वेटर म्हणजे गर्न्सी. समुद्राचं पाणी अंगापर्यंत येऊ नये म्हणून इतका घट्ट विणलेला. तो शब्द हिंदुस्थानात आला, उकाड्यानं त्याची लोकर काढून घेतली, बाह्या काढून घेतल्या, सुती केला, भोकं पाडली, आणि राहिला तो गंजीफ्रॉक.

त्याच बेटाचा शब्द आयर्लंडमध्येही आला. तुमची मुलं शाळेत आयरिश शिकतात ना? त्यांना स्वेटरला आयरिशमध्ये काय म्हणतात ते विचारा. गॅन्झी! माझ्या मुलीनं पहिलीत असताना घरी येऊन सांगितलं, "आई, माझी गॅन्झी वर्गात राहिली." सुट्टीला आलेली आजी म्हणाली, "अगं, मुलींना कशाला गंजी?" दोघींचा शब्द मुळात एकच होता. इथल्या दुकानात टुरिस्ट ज्याला हात लावून किंमत बघून पुन्हा ठेवतात, त्या अ‍ॅरन स्वेटरचं मूळही या कोळ्यांच्या गर्न्सीत असावं असं बरेच जाणकार मानतात. म्हणजे अ‍ॅरन आणि गंजीफ्रॉक ही नात्यानं सख्खी नाही तरी चुलत भावंडं. कित्येक घरांतून असा अ‍ॅरन मोठ्या प्रेमानं पुण्या-मुंबईला गेला आहे, आणि तिथे डांबराच्या गोळ्या घालून, पाहुण्यांना दाखवण्यापुरता कपाटाबाहेर येतो आहे. थंडीच्या देशातून उकाड्याच्या देशात माया पाठवायची तर ती गंजीफ्रॉकच्या वाटेनं जायला हवी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आपली अडचण अशी की पोर्टलीशच्या जुलैत दुपारचं तापमान सरासरी १९-२० अंश, आणि प्राथमिक शाळांची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे आपण घरी जातो ते भर पावसाळ्यात. ऊन नाही, पण घामाची चिकचिक, आणि दोरीवरचा कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा हवेत जाड सुती कपडाही नकोसा होतो. हलका, पटकन वाळणारा, अंगाला न चिकटणारा हवा.

आता कपाटाकडे वळते. विणणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरी एक पिशवी असते. इथल्या बायका त्याला 'स्टॅश' म्हणतात, मी साठवण म्हणते. सेलमध्ये घेतलेले गुंडे, अर्धे उरलेले, कुणाच्या तरी बाळासाठी आणलेली आणि बाळ शाळेत जायला लागलं तरी न विणलेली लोकर. नवऱ्याच्या मते हे सगळं 'सामान' असतं. माझ्या साठवणीत मात्र गेल्या वर्षी एक ट्रंकच आली.

माझी आई सांगलीला असते. ७९ वर्षांची आहे. तिनं आयुष्यभर विणलं. सांगलीत थंडी ती किती, तरी मी इकडे आल्यावर दर वर्षी माझ्यासाठी स्वेटर विणून पाठवायची. बर्फ तिनं फक्त टीव्हीवर पाहिलेला. आता संधिवातानं तिची बोटं वळत नाहीत, आणि उजवा खांदा आखडल्यामुळे हात वर जात नाही. मागच्या खेपेला तिनं ट्रंक माझ्यापुढे सरकवली. त्यात क्रोशाच्या पांढऱ्या दोऱ्याच्या लडी, भावाच्या शाळेच्या स्वेटरची उरलेली मरून लोकर, बाळाची आकाशी, आणि बरंचसं पिवळट पडलेलं बारीक सूत. म्हणाली, "टाकवत नाही गं. तूच बघ काय ते. आणि मला काहीतरी विण, पण घालता येईल असं. मढवून ठेवायला नको."

तर ही ट्रंक मी कशी वापरायला घेतली ते सांगते, म्हणजे तुमच्या पिशवीलाही उपयोग होईल.

पहिलं काम म्हणजे कुठलं सूत कशाचं ते ओळखणं. लेबलं केव्हाच गेलेली असतात. वीतभर दोरा तोडा, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि ज्योत आपोआप विझली तर लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख राहिली तर सुती. वितळून टोकाला कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, त्यामुळे ते उकाड्याच्या कपड्यातून बाद. त्याची खेळणी करा, सोफ्यावरची पांघरुणं करा. लोकरीवर मात्र उगाच रुसू नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. बारीक मेरिनोचा बिनबाह्यांचा टॉप आयरिश उन्हाळ्यात उत्तम. पण तिकडे बादलीत कपडे आपटले जातात आणि कपाटात कसर लागते, म्हणून तिकडच्यासाठी सुती किंवा लिनन. आणि एकाच कपड्यात सुती व लोकरीचे पट्टे घालू नका. धुतल्यावर एक आटतं, एक लोंबतं.

गडद रंगाचं सूत असेल तर ते ओलं करून रात्रभर पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. रंग सुटणार असेल तर सकाळी फडकंच सांगेल. एका रंगाचे पण थोड्या वेगळ्या छटेचे गुंडे असतील तर दोन सुया एकाच्या, दोन दुसऱ्याच्या असं आलटून पालटून विणा. फरक मिसळून जातो.

आता मुख्य मुद्दा हलकेपणाचा. पुष्कळ जणींना वाटतं की बारीक सूत घेतलं की झालं. पण बारीक सूत घट्ट विणलं की ते चिलखतच होतं. वजन सुतात असतं आणि हवा भोकात, तेव्हा भोक वाढवायचं. फोर-प्लाय सुताला साधारणपणे ३.२५ मि.मी.ची सुई घेतात आणि १० सें.मी.त २८ च्या आसपास टाके बसतात. तेच सूत मी ४.५ मि.मी.वर घेतलं. किचनच्या काट्यावर १५ सें.मी.चा चौकोन घट्ट विणीत ७ ग्रॅम भरला आणि सैल जाळीत ५. हातात घेतला तर फरक त्याहून जास्त वाटतो.

इथे सुयांच्या नंबराचा घोळ सांगायलाच हवा. आईच्या वहीत सगळीकडे "१० नंबर" लिहिलं आहे. तो जुना ब्रिटिश नंबर, म्हणजे ३.२५ मि.मी. त्यात नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं, तिथली १० नंबरची सुई ६ मि.मी.ची. न्यू जर्सीच्या मावशीकडून नमुना आला असेल तर आधी मिलिमीटर विचारा, मग टाके घाला.

भोकं पाडायची सगळ्यात सोपी युक्ती आपल्या शेजारच्या गावात दिसते. इथून दहा-अकरा किलोमीटरवर माउंटमेलिक आहे. तिथे १८२५ च्या सुमारास जोहाना कार्टर नावाच्या बाईंनी पांढऱ्या सुती कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्यानं भरतकाम करायची पद्धत सुरू केली. ब्लॅकबेरी, ओकची पानं, रानगुलाब, म्हणजे कुंपणावर दिसेल ते. लखनौची चिकनकारी पांढऱ्यावर पांढरी, पण नाजूक; हे काम जाडजूड, उकळून धुतलं तरी टिकणारं. गावात त्याचं संग्रहालय आहे, जरूर जा. तिथे भरतकाम सगळेच बघतात, तुम्ही कडेची झालर बघा. ती सुयांवर विणलेली असते. सुताची अरुंद पट्टी विणायची, शेवटी थोडेच टाके बंद करायचे आणि उरलेले मुद्दाम सोडून द्यायचे, तळापर्यंत उसवायचे. सुटलेल्या टाक्यांची झालर होते. आपल्याला लहानपणी टाका सुटला की धपाटा मिळायचा, इथे त्यावर शोभा उभी आहे!

कपड्यासाठी मी तोच विचार थोडा बदलून घेतला. पाच सुया साध्या विणायच्या. सहाव्या सुईला प्रत्येक टाका विणताना दोरा सुईभोवती एकदा न घेता दोनदा गुंडाळायचा. पुढच्या सुईला तो जादा वेढा सोडून द्यायचा. टाका लांब होतो आणि आडवी जाळीची पट्टी तयार होते. गणित नाही, तक्ता नाही, ह्यूस्टनच्या गाडीत उभ्यानंसुद्धा जमतं. फक्त अगदी तान्ह्या बाळाच्या झबल्यामोज्यांना ही जाळी नको. इवलीशी बोटं भोकात अडकतात. त्यांना साधी वीण बरी.

आईसाठी जे करते आहे ते जाकीट म्हणा, बंडी म्हणा. पुढून पूर्ण उघडं, कारण डोक्यातून काही घालणं तिला जमत नाही. बाह्या नाहीत. काखेचा भाग चांगला २५ सें.मी. खोल, म्हणजे आखडलेला हात खालूनच आत जाईल. बटणं नाहीत, वळणाऱ्या बोटांनाही ती छळतात. दोन रुंद पट्ट्या सैल बांधायच्या. ट्रंकेतलं ते पिवळट सूत दोन वेळा कोमट पाण्यातून काढलं आणि ते हस्तिदंती झालं. खालच्या काठाला मरूनच्या दोन रेघा देणार होते, पण ती लोकर, म्हणून ठेवून दिली. पाठ झाली आहे, उजवं पुढचं झालं आहे. सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आत बसेल असा अंदाज आहे. ऑगस्टचं तिकीट काढलं आहे, त्यामुळे घाई आहे.

विणून झाल्यावर एक पथ्य पाळा. सुती कपडा ओला असताना दोरीवर टांगू नका, स्वतःच्याच वजनानं तो गुडघ्यापर्यंत येतो. टॉवेलवर आडवा पसरून वाळवा. तिकडच्या मंडळींनाही चिठ्ठी लिहून कळवा, नाहीतर कामवाल्या मावशी पहिल्याच दिवशी त्याला पिळून चिमटा लावतील.

बास, चहाची वेळ झाली. मागच्या टेबलावर नमुन्याचे चौकोन ठेवले आहेत. हात लावून बघा, ओढून बघा, खराब होत नाहीत. ४ आणि ४.५ मि.मी.च्या सुयांचे सहा जोड आणले आहेत. ज्यांना यायचं त्यांनी या. पहिले वीस टाके मी घालून देते. चहा उकळेपर्यंत चार सुया सहज होतील. आणि पुरुषांनीही यायला हरकत नाही, मूळ गर्न्सी कोळ्यांचीच होती!