आपोआप पुन्हां सुरू होणारा संगणक

वैद्याकडे गेलेला रोगी 'बरें वाटत नाहीं' एवढेंच सांगून गप्प बसला, तर वैद्यानें काय करावें? घरचा संगणक दुरुस्तीस नेणारे बहुतेक गृहस्थ नेमकें असेंच करतात. 'मधूनच बंद पडतो आणि आपोआप पुन्हां सुरू होतो' एवढें सांगून पेटी दुकानांत ठेवून येतात. दुकानांत तो संगणक दोन दिवस निमूटपणें चालतो. घरीं आणला कीं त्याच संध्याकाळीं पुन्हां तोच प्रकार. मग दुकानदार 'मदरबोर्ड गेला' असें निदान करून मोकळा होतो आणि घरधनी नव्या यंत्राच्या किमतीचा हिशेब करूं लागतो. जें यंत्र दुकानांत चालतें आणि घरीं चालत नाहीं, त्याचा दोष यंत्रांत नसून घरांत असण्याचा संभव अधिक, ही साधी गोष्ट या घाईंत दोघांच्याही ध्यानांत येत नाहीं.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांतील इस्लापूर हें गांव या चौकशीस उदाहरण म्हणून घ्यावें. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास जाणाऱ्यांना तें परिचित आहे. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर, आणि मृगाच्या आरंभीं विजांचा कडकडाट, असें तेथील हवामान. अशा गांवीं एखाद्या शिक्षकाचें घर कल्पावें. थोरली मुलगी बारावीनंतरच्या प्रवेशाचा अर्ज भरीत आहे. संध्याकाळीं सातच्या सुमारास अर्ज निम्मा होतो, तोंच पडदा काळा होऊन संगणक पहिल्यापासून सुरू होतो. पुन्हां भरावयास घ्यावें तर पुन्हां तेंच. मुदत उद्यां संपावयाची; किनवटला पेटी घेऊन जावें तर दिवस मोडतो.

येथें यंत्राची रचना थोडी समजून घेणें अवश्य आहे. भारतांत घरोघरीं येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व सेकंदास ५० आवर्तनांची असते. संगणकास ती जशीच्या तशी चालत नाहीं. पेटीच्या पाठीमागें जी लोखंडी डबी असते, जिला कारागीर एसएमपीएस म्हणतात, ती या विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टांचा सरळ प्रवाह तयार करते. दाब जागेवर आला कीं एका स्वतंत्र तारेनें ती मदरबोर्डास 'सर्व ठीक' असा संकेत देते. हा संकेत क्षणभर जरी तुटला, तरी सारा कारभार पहिल्यापासून आरंभावा लागतो. बाहेरची वीज खंडित झाल्यास डबींत सांठलेली शक्ति, भार पूर्ण असतांना, साधारणपणें सेकंदाच्या १६ ते १७ सहस्रांशांपुरती पुरते. विजेचें एक आवर्तन मात्र २० सहस्रांशांचें असतें. एवढ्या अवधींत दिवा जेमतेम लुकलुकतो, पंख्याला तर कांहीं कळतही नाहीं. संगणक मात्र मरून पुन्हां जन्म घेतो. 'वीज तर गेलीच नव्हती' असें घरांतील माणसें शपथेवर सांगतात, आणि तीं खोटें बोलत नसतात.

'पण घरांत इन्व्हर्टर आहे ना?' असा आक्षेप यावर ठरलेला. तो आहे, आणि पुष्कळ वेळां खोड तेथेंच असते. घरगुती इन्व्हर्टरच्या पाठीमागें बहुधा एक लहानसा खटका असतो. त्याच्या एका अंगास 'यूपीएस' व दुसऱ्या अंगास 'नॉर्मल' किंवा 'इको' असें लिहिलेलें असतें. खटका यूपीएसकडे असेल तर दाब थोडा उतरतांच यंत्र झटकन बॅटरीवर जातें. तो नॉर्मलकडे असेल तर फार कमी दाबाची वीजही तें तशीच पुढें जाऊं देतें, आणि बॅटरीवर जातांना वेळही अधिक लावतें. दिवे व पंखे यांना तें सोसतें. संगणकास सोसत नाहीं. यूपीएसकडे खटका ठेवल्यास बॅटरी वारंवार खर्ची पडते, म्हणून बसविणारा कारागीर पुष्कळदां तो नॉर्मलकडेच ठेवून जातो. त्याचा हेतु वाईट नसतो. संगणकाविषयीं त्याला कोणीं सांगितलेलेंच नसतें.

संगणकासाठीं वेगळा लहान यूपीएस घेतला असेल तरी निश्चिंत राहूं नये. त्यांतील बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. डबा टेबलाखालीं दिमाखानें बसलेला असतो, हिरवा दिवाही लागलेला असतो, आणि वीज जातांच तो संगणकासह मान टाकतो. महत्त्वाचें काम चालूं नसतांना भिंतींतील बटण बंद करून पाहिलें, कीं त्याची परीक्षा एका मिनिटांत होते.

तथापि प्रत्येक वेळीं वीजच दोषी असते असें नव्हे, आणि म्हणूनच एका वहीची गरज आहे. संगणक केव्हां बंद पडला, त्या वेळीं कोणतें काम चालूं होतें, दिवा मिचकला काय, पेटी किती तापली होती, एवढें चार दिवस लिहून ठेवावें. नेमक्या संध्याकाळच्या वेळा पडत असतील, किंवा मोटार सुरू होतांच प्रकार घडत असेल, तर दोष वीजपुरवठ्यांत शोधावा. भर दुपारीं, अर्धा तास चलच्चित्र पाहिल्यावर तो घडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसरचें तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोंचलें कीं तो प्रथम मंदावतो, आणि तरीही तापत राहिला तर स्वतःच्या रक्षणार्थ बंद होतो. पंख्याच्या पात्यांवर सांचलेला धुळीचा थर व प्रोसेसरवरील वाळलेला लेप हीं याचीं नेहमींचीं कारणें. वेळेचा किंवा कामाचा कोणताच मेळ बसत नसेल, तर रॅमची पट्टी काढून नीट बसवावी आणि विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक ही तपासणी रात्रभर चालवावी.

विंडोजची एक संवय मात्र चमत्कारिक आहे. आंत गंभीर बिघाड झाला कीं ती निळ्या पडद्यावर कारण दाखविते, पण तें वाचण्यापूर्वींच यंत्र पुन्हां सुरू करते. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या ठिकाणीं जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ही खूण काढून टाकली, म्हणजे पडदा थांबतो व कारण उतरून घेतां येतें. तसेंच इव्हेंट व्ह्यूअरमध्यें 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली, कीं कित्येक लोक लागलीच एसएमपीएस बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच कीं यंत्र रीतसर बंद न होतां थांबलें. तें कां थांबलें हें ती सांगत नाहीं. क्वचित् दोष बाहेरूनही येतो: २००३ च्या ऑगस्टमध्यें ब्लास्टर नांवाच्या किड्यानें जगभरचे संगणक ६० सेकंदांची मोजणी दाखवून बंद पाडले होते.

कांहीं गोष्टींस घरच्या माणसांनीं हात लावूं नये. एसएमपीएसची डबी उघडूं नये. पिन काढल्यावरही तिच्यांतील कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्टांहून अधिक दाब कांहीं काळ राहूं शकतो. पेटीस हात लावतांच मुंग्या आल्यासारखें होत असेल, तर घरांत अर्थिंग नाहीं असें समजून वायरमनला बोलवावें. एका खोलींतील दिवे फार प्रखर व दुसरींतील मंद होऊं लागले, तर न्यूट्रल तार सुटल्याचा धोका असतो. त्या वेळीं संगणकाची चिंता सोडून आधीं मेन स्विच बंद करावा. पावसाळी गडगडाट सुरू होतांच पिन काढावी, आणि इंटरनेट तांब्याच्या तारेनें येत असेल तर तीही.

आतां त्या मुलीचा अर्ज. रात्रीं वही भरीत बसण्यास तिला सवड नाहीं. तिनें आपलीं प्रमाणपत्रें पेन-ड्राइव्हवर उतरून घ्यावीं, कारण असे अवचित धक्के हार्ड डिस्कवरील मजकूर बिघडवूं शकतात. आणि अर्ज वडिलांच्या मोबाइलवरून पुरा करावा. वडिलांनीं दुसरे दिवशीं इन्व्हर्टर भिंतीपासून पुढें ओढून त्याच्या पाठीमागचा खटका पाहावा. तो नॉर्मलकडे असेल तर वायरमनकरवीं यूपीएसकडे करून घ्यावा, बॅटरींतील पाणी पाहून घ्यावें, आणि संध्याकाळीं सात वाजतां संगणक चालूं ठेवून समोर बसावें. दिवा मिचकला व संगणक चालत राहिला, तर पेटी बांधून किनवटला नेण्याचें कारण नाहीं.