तारेला वाट आहे, आपल्याला कुठाय?

(नगर जिल्ह्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत हमाली करणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आज कविता वाचणार नाही. आपल्या वस्त्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर बोलणार आहे.

२०२४ साली जिल्ह्याचं नाव बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. वस्तीची वाट मात्र ओढ्याच्या अलीकडं जिथं अडत होती तिथंच अडते.

सध्या गावोगाव गायरानावर सौर प्रकल्प उभे राहताहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली. तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच पारनेर तालुक्यात, राळेगण सिद्धीला झाला. २०२३ साली दुसरा टप्पा आला. शेतीला दिवसा वीज मिळणार म्हणतात. मिळू दे. रात्री बाराला अंधारात दारं धरायला जातो तो सालगडी आपलाच भाऊ असतो. विजेशी आपलं भांडण नाही. आपला सवाल जागेचा आणि वाटेचा आहे.

जागेचा हिशेब बघा. या योजनेत खाजगी जमीन भाड्यानं दिली तर मालकाला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. आणि ज्यानं बापजाद्यांपासून गायरान फोडून बाजरी पेरली त्याला? तो सरकारच्या दप्तरात अतिक्रमणदार. त्याच्या नावाचा सातबारा नाही, मग भाडं कसलं?

हे गायरान आपल्याला कुणी खैरातीत दिलेलं नाही. १९३९ साली बाबासाहेबांनी याच जिल्ह्यात, हरेगावला, वतनदार महार-मांगांची परिषद घेतली. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. पडीक जमीन, गायरान कसणाऱ्याला द्या ही त्यांची मागणी. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. ठरलं खरं, पण अजून कैक म्हातारे दंडाच्या पावत्या घेऊन तलाठ्याच्या दारात बसलेत.

२०११ साली सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं. पण त्याच निकालात अपवाद आहे. सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्ट्यानं दिलेली जमीन, आणि जिथं आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय उभी आहे ती जमीन. गावचे पुढारी निकालाचा पहिला भाग तोंडपाठ म्हणतात. दुसरा आपण वाचला पाहिजे.

आता वाटेकडं या. मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५: शेताची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडं दावा लावा. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३: शेतात जायला वाट नसेल तर दुसऱ्याच्या बांधावरून मागा. २०२५ साली सरकारनं शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद करायचं ठरवलं, कारण शेतीची यंत्रं मोठी झाली. विजेच्या तारेचं तर आणखी सोपं. वीज कायदा २००३ चं कलम १६४ आणि इंग्रजांचा १८८५ चा तार कायदा यांच्या जोरावर मनोरा कुणाच्याही रानातून नेता येतो. कुणी आडवा आला तर जिल्हाधिकारी हुकूम काढतो.

म्हणजे शेताला वाट, ट्रॅक्टरला वाट, तारेला वाट. कलम १४३ खाली अर्जदार जमीनधारकच लागतो. ज्याच्याकडं नुसतं घर आहे, शेत नाही, त्यानं कुठल्या कलमाखाली वाट मागायची?

गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की गाव आमच्या पणज्याला पुढं घालायचं. कुठला दगड कुणाचा, कुठली वाट कुठं जाते, त्याचा शब्द प्रमाण. साहेबाच्या घोड्यापुढं पळत वाट दाखवायची ती त्यानंच. त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या घराला वाट नाही.

माझ्या गावचं सांगतो. नाव घेत नाही, कारण असली गावं कैक आहेत. वस्तीच्या रस्त्यासाठी पाच पावसाळे अर्ज केले. निधी नाही. मोजणी व्हायचीय. शेतकऱ्याची संमती नाही. चुलतीला कळा सुटल्या तेव्हा चौघांनी बाजेवर घालून ओढ्यातून नेली. मग गायरानात विजेची साइट आली. ट्रान्सफॉर्मरचा ट्रेलर ओढ्यातून जाईना. पंधरा दिवसांत सिमेंटच्या नळ्या पडल्या, मुरूम पडला, रोलर फिरला. जी संमती आपल्याला पाच वर्षं मिळत नव्हती ती एका दुपारी मिळाली. रस्ता गेटापर्यंत आला आणि थांबला. पुढं वस्ती दोनशे पावलं. कुंपणात जुनी पायवाटही गेली. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, माझ्या नकाशात एवढाच आहे.

तो खोटं बोलत नव्हता. नकाशात खरंच तेवढाच होता.

गोदीत मी हेच रोज बघतो. जहाज लागायच्या आधी कंटेनर कुठून निघणार, कुठल्या गेटातून बाहेर पडणार, सगळं ठरलेलं असतं. हमालानं कुठून चालायचं ते कुणी ठरवत नाही. तो ट्रेलरांच्या मधून जीव मुठीत धरून जातो.

म्हणून पोरांनो, मुरूम पडल्यावर बोंबलून उपयोग नाही. नकाशा होतानाच आडवं व्हायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभेला चुकायचं नाही. बायाबापड्यांना घेऊन जायचं. साइटचा नकाशा मागायचा. साइटचा रस्ता वस्तीपर्यंत, सगळ्यांच्या वहिवाटीचा, आणि ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत त्याची नोंद, असा ठराव लिहून घ्यायचा आणि त्याची नक्कल घेतल्याशिवाय उठायचं नाही. जो गायरान कसतो त्यानं गाव नमुना १-ई चा उतारा आणि जुन्या पावत्या आजच काढून ठेवायच्या. साइट आल्यावर त्या मिळत नाहीत.

कुणी म्हणेल, तुम्ही विकासाला आडवे येता. त्याला सांगा, आम्ही दोनशे पावलं पुढचा रस्ता मागतोय. रोलर तुमच्या गेटात उभाच आहे, तो तेवढा पुढं आणा.

जय भीम!